दात घासण्याचे शिक्षण

लहान मूल चालावयास लागते तेव्हा घरातील कोणीतरी त्याचे बोट धरते. ते आपल्या हाताने जेवू लागते तेव्हा आई घास कालवून त्याच्यापुढे ठेवते, आणि निम्मे अन्न ताटाबाहेर सांडले तरी न रागावता उरलेले जेवण स्वतः भरविते. पाटीवर पहिले अक्षर काढताना शिक्षक मुलाची बोटे आपल्या हातात धरून ते अक्षर गिरवून घेतात. या गोष्टी शिकवाव्या लागतात, हे सर्वांना मान्य आहे. दात घासणे मात्र मुलाला आपोआप येते, असा समज घरोघरी आढळतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती ब्रश दिला आणि "जा, दात घासून ये" असे सांगितले की पालकांचे काम संपले, असे मानले जाते.

अशा मुलाकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले तर निराळेच दृश्य दिसते. ते प्रथम ब्रशवरील गोड पेस्ट चोखून टाकते. नंतर पुढच्या चार-सहा दातांवरून ब्रश आडवा फिरविते, एका बाजूच्या दाढांखाली तो धरून थोडा चावते, तोंडात फेस झाला की थुंकते आणि खेळावयास पळते. हे सारे अर्ध्या मिनिटात आटोपते. पुढचे दात स्वच्छ दिसतात, म्हणून घरच्या माणसांचेही समाधान होते. परंतु दाढांच्या खाचा, त्यांच्या जिभेकडील बाजू आणि हिरडीलगतची कड यांना ब्रशचा स्पर्शही झालेला नसतो.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. ज्या वयात शाळेचा पहिला दिवसही उजाडलेला नसतो, त्या वयात इतक्या मुलांच्या दातांना कीड लागलेली असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. तिची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण घरातल्या घरात दूर करता येण्याजोगे आहे, आणि ते म्हणजे दात घासण्याचे अपुरे शिक्षण.

दातांच्या दोन पिढ्या

मनुष्याला दातांच्या दोन पिढ्या लाभतात. पहिली पिढी दुधाच्या दातांची. मूल सुमारे सहा महिन्यांचे झाले की बहुधा खालच्या जबड्यात पुढे पहिला दात दिसू लागतो, आणि अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास वीसही दात पूर्ण होतात. त्यांत आठ पटाशीचे दात, चार सुळे आणि आठ दाढा असतात. दुसरी पिढी कायमच्या दातांची. तिचा प्रारंभ सहाव्या वर्षाच्या सुमारास होतो आणि अक्कलदाढा धरून तिची संख्या बत्तीस भरते.

"दुधाचे दात पडणारच आहेत; ते किडले म्हणून काय बिघडले?" असे पुष्कळदा विचारले जाते. याचे उत्तर दातांच्या वेळापत्रकातच आहे. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडू लागलेल्या दाढेवर मुलाला आणखी सात-आठ वर्षे चावून खावयाचे असते. शिवाय या दाढा खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या अकाली काढाव्या लागल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात. कीड मुळापर्यंत जाऊन पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचण्याचा संभव असतो. रात्री दाढ दुखू लागली की मुलाची झोप जाते, दिवसा जेवण जात नाही आणि शाळेत लक्ष लागत नाही.

दुधाच्या दातांवरील कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, कायमच्या दातांवरील कवचापेक्षा पातळ असते. त्यामुळे कीड एकदा आत शिरली की ती लवकर खोलवर जाते. मोठ्या माणसाच्या दातात जे घडावयास बराच काळ लागतो, ते मुलाच्या दातात काही महिन्यांत घडू शकते.

कीड कशी लागते

दातात एक किडा असतो आणि तो दात पोखरतो, अशी समजूत जगातील अनेक देशांत शतकानुशतके रूढ होती. 'दात किडणे' या आपल्या शब्दप्रयोगातही तिची खूण राहिली आहे. असा किडा कोणाला सापडला नाही. जे सापडले ते त्याहून फार लहान होते. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी राहणाऱ्या आंतोनी व्हान लेवेनहुक याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठविले. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे आणि आपले दात स्वच्छ आहेत अशी त्याची खात्री होती. तरीही दोन दातांच्या मधे त्याला कणकेसारखा एक पांढरा पदार्थ दिसला. तो त्याने आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यात असंख्य बारीक जीव हालचाल करताना दिसले. रोज दात घासणाऱ्याच्या तोंडातही न घासलेल्या जागा उरतात, ही गोष्ट या निरीक्षणातून प्रथमच उघड झाली.

हे सूक्ष्मजंतू दात किडवितात कसे, हे पुढे दोनशे वर्षांनी उलगडले. बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट यांपासून अम्ल तयार करतात, आणि ते अम्ल दाताचे कठीण कवच विरघळविते, असे त्याने दाखवून दिले. दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तरीही अम्लापुढे त्याचे काही चालत नाही. लिंबाचा रस सांडल्यावर शहाबादी फरशीवर जसा डाग पडतो, तसाच हा प्रकार आहे.

अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन याने १९४० च्या दशकात या क्रियेचा वेग मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच काही मिनिटांतच दातांवरील थरातील अम्लता एकदम वाढते, आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, असे त्याला आढळले. या अवधीत लाळ हळूहळू अम्ल धुऊन टाकते आणि दातातून गेलेली थोडीफार खनिजे परतही भरून काढते. म्हणून जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोड्याथोड्या वेळाने चघळलेल्या गोळ्या, चिकट बिस्किटे आणि गोड पेये अधिक घातक ठरतात. लाळेला आपले काम पुरे करण्यास सवडच मिळत नाही. झोपेत लाळेचे प्रमाण फार कमी होते. त्यामुळे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपी जाणाऱ्या बालकांचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात. खालच्या दातांवर जिभेचे पांघरूण असल्याने ते त्या मानाने वाचतात.

सूक्ष्मजंतूंचा हा चिकट थर नुसती चूळ भरून निघत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो, आणि काढला तरी काही तासांत पुन्हा जमू लागतो. दात घासण्याचे सारे प्रयोजन एवढेच आहे. दातांवरून ब्रश किती वेळा फिरला यापेक्षा प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूवरून तो फिरला की नाही, यालाच महत्त्व आहे.

मुलाचा हात आणि मुलाचे मन

वरवर पाहता दात घासणे ही अगदी सोपी क्रिया वाटते. वस्तुतः तिच्यात बारीक कौशल्य सामावलेले आहे. ब्रश मुठीत न धरता बोटांत धरावा लागतो. मनगट वळवावे लागते. जी जागा डोळ्यांना दिसत नाही तेथे हात केवळ अंदाजाने न्यावा लागतो. दाब असा द्यावा लागतो की थर निघेल पण हिरडी दुखणार नाही. आणि वीस दातांपैकी कोणते झाले व कोणते राहिले हे ध्यानात ठेवावे लागते. दोन वर्षांचे मूल ब्रश मुठीत आवळून धरते आणि सबंध हात खांद्यापासून हालविते. चार वर्षांच्या मुलाची बोटे थोडी मोकळी होतात, पण मनगट अजून हवे तसे वळत नाही. जबड्याची रेषा सुळ्यापाशी वळते. तेथे ब्रशही वळवावा लागतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी लहान मूल घाईने पुढे निघून जाते. सात-आठ वर्षांच्या सुमारास, म्हणजे मूल सुवाच्य अक्षर काढू लागते आणि बुटांच्या नाड्या किंवा चोळण्याची नाडी स्वतः बांधू लागते त्या वयात, त्याच्या हाताला या कामापुरते वळण येते. तोपर्यंत मोठ्या माणसाच्या हाताची त्याला गरज असते.

परंतु हात तयार नाही म्हणून मुलाला ब्रशच देऊ नये, असाही याचा अर्थ नव्हे. जे काम मुलाने कधी केलेच नाही, ते सातव्या वर्षी त्याच्यावर एकदम टाकले तर ते त्याला ओझे वाटते. तीन वर्षांच्या मुलाला "मी करीन" या शब्दांचे विलक्षण आकर्षण असते. ते आकर्षण त्या वयातच कामी लावले पाहिजे.

या संदर्भात मारिया माँटेसरी यांचा एक अनुभव बोधप्रद आहे. १९०७ साली त्यांनी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तेथे एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे पुसावे याचा धडा दिला. रुमाल कसा घ्यावा, तो कसा धरावा, आवाज न करता नाक कसे साफ करावे, हे त्यांनी हळूहळू करून दाखविले. मुले श्वास रोखून पाहत राहिली, आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा गजर केला. माँटेसरी यांना याचे प्रथम नवल वाटले. मग कारण उमगले. नाक घाण असते म्हणून या मुलांना सर्वांकडून बोलणी खावी लागत होती, पण ते साफ कसे करावे हे शांतपणे कोणी दाखविलेच नव्हते. दातांच्या बाबतीत आजही बहुसंख्य मुलांची स्थिती याहून वेगळी नाही.

काम सोपवून देण्याचा क्रम

दात घासण्याचे काम मुलाकडे एका दिवसात जात नाही. ते थोडेथोडे करून सोपवावे लागते. या सोपवणुकीचे चार टप्पे कल्पिता येतील.

पहिला टप्पा बाळाचा. दात येण्यापूर्वी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसल्या म्हणजे तोंडात कोणाचे बोट जाणे ही गोष्ट बाळाच्या अंगवळणी पडते. पहिला दात दिसताच लहान, मऊ ब्रश वापरावयास प्रारंभ करावा. भारतीय घरांत आई बाळाला पायांवर घेऊन तेल लावते व न्हाऊ घालते. तोच सराव येथे उपयोगी पडतो. मुलाचे डोके आपल्या मांडीवर, तोंड वर आणि उजेड समोरून, अशी बैठक असली म्हणजे दाढांपर्यंत सर्व काही नीट दिसते.

दुसरा टप्पा सुमारे दीड ते तीन वर्षांचा. या वयात मुलाला त्याचा स्वतःचा ब्रश द्यावा आणि घरातील माणसांनी त्याच्यासमोर दात घासावे. मूल जे करील ते अनुकरण असेल, स्वच्छता नव्हे. तरी ते करू द्यावे. त्यानंतर "आता माझी पाळी" असे म्हणून मोठ्या माणसाने सर्व दात पुन्हा घासावे. ही पाळी ठरलेली असली आणि ती कोणत्याही दिवशी चुकली नाही, तर मूल तिला हरकत घेण्याचे हळूहळू सोडून देते.

तिसरा टप्पा तीन ते सहा वर्षांचा. खऱ्या शिक्षणाचा काळ हाच होय. मुलाला आरशासमोर उभे करून मोठ्या माणसाने त्याच्या मागे उभे राहावे, त्याची हनुवटी एका हाताने सावरावी आणि आपला दुसरा हात त्याच्या ब्रश धरलेल्या हातावर ठेवावा. घासण्याची रीत सोपी असावी. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या शहराचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी जी रीत प्रचारात आणली, ती या वयास मानवते. दात एकमेकांवर ठेवून बाहेरच्या बाजूंवर ब्रशने गोल गोल चकरा काढावयाच्या, आणि त्या चकरांत वरच्या व खालच्या हिरड्यांची कड येईल असे पाहावयाचे. आतल्या बाजूंसाठी तोंड उघडून ब्रश पुढेमागे अलगद फिरवावयाचा. शेवटी दाढांचे चावण्याचे पृष्ठभाग घासावयाचे.

सर्व जागा एकाच वेळी शिकवू नयेत. प्रथम खालच्या दाढांचे चावण्याचे पृष्ठभाग मुलाकडे द्यावे, कारण ते सर्वांत सोपे असतात. ते नीट साधले की पुढच्या दातांच्या बाहेरील बाजू, मग गालाकडील बाजू, नंतर खालच्या दातांच्या जिभेकडील बाजू, आणि सर्वांत शेवटी वरच्या दाढांच्या आतल्या बाजू. जी जागा मुलाकडे गेली नाही ती मोठ्यांची. प्रत्येक ठिकाणी एक ते दहा आकडे मोजीत घासले तर मुलाला अवधीची कल्पना येते आणि सारे मिळून दोन मिनिटे सहज भरतात. क्रम मात्र रोज एकच असावा. उजव्या बाजूने सुरुवात करून डावीकडे जावयाचे ठरले तर रोज तसेच करावे. म्हणजे कोणती जागा राहिली हे हातालाच कळू लागते.

काम झाल्यावर ते पारखण्याचे एक साधन मुलाच्या तोंडातच असते; ते म्हणजे जीभ. दातांवरून जीभ फिरविली असता स्वच्छ दात गुळगुळीत लागतात आणि थर राहिलेले दात खरखरीत लागतात. हा भेद चार-पाच वर्षांच्या मुलाला सहज कळतो. "घासलेस का?" असे विचारण्याऐवजी "जीभ फिरवून पाहा, कोठे खरखर लागते?" असे विचारले तर मूल खोटे बोलण्याचा प्रसंगच येत नाही, ते स्वतःचे परीक्षक बनते. दंतवैद्यांकडे अशा रंगाच्या गोळ्याही असतात की त्या चावल्यावर राहिलेला थर लाल दिसतो. शाळेत वर्षातून एकदा हा प्रयोग करून दाखविल्यास तो मुलांच्या स्मरणात राहतो.

सहाव्या वर्षीची दाढ

चौथा टप्पा सहा ते नऊ वर्षांचा. याच टप्प्यावर बहुतेक घरांत एक मोठी चूक घडते, आणि तिचे मोल जन्मभर द्यावे लागते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, चारही कोपऱ्यांत, एकेक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. आले तरी ती दुधाचीच दाढ असेल असे समजले जाते. वस्तुतः ही कायमची पहिली दाढ होय. तिच्यानंतर तिच्या जागी दुसरी येणार नसते. चावण्याचा मोठा भार तिच्यावरच पडतो, आणि बाकीच्या कायमच्या दातांची रांगही तिच्या आधाराने लागते.

ही दाढ हिरडीतून पूर्ण वर येण्यास अनेक महिने घेते. या काळात ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते. ब्रश नेहमीप्रमाणे पुढेमागे फिरविला तर त्याचे केस उंच दाढांवरून सरकून जातात आणि खालच्या दाढेला स्पर्शही करीत नाहीत. तिच्या पृष्ठभागावर खोल, अरुंद खाचा असतात आणि नव्या दाताचे कवच अजून पुरते परिपक्व झालेले नसते. अशा रीतीने ज्या दातावर सर्वाधिक लक्ष देणे अवश्य, तोच दात सर्वाधिक उपेक्षित राहतो. आणि हे सारे नेमके त्या वयात घडते, जेव्हा मूल शाळेत जाऊ लागलेले असते आणि "आता ते मोठे झाले, त्याचे ते घासते" असे म्हणून पालकांनी आपला हात काढून घेतलेला असतो.

म्हणून सहाव्या वर्षी हात काढून घेऊ नये. दर महिन्यास एकदा उजेडात मुलाचे तोंड उघडून शेवटच्या दाढेमागे काही दिसते का, हे पाहावे. दाढ दिसू लागली की ती मुलाला आरशात दाखवावी, ही जन्मभराची सोबतीण आहे असे सांगावे, आणि तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत नेऊन केवळ त्या एका दाढेवर कसा फिरवावयाचा हे हात धरून शिकवावे. रात्री झोपण्यापूर्वी हे काम मोठ्यांनी स्वतः करावे; सकाळी मुलाने करावे. खाचा फार खोल असतील तर दंतवैद्य त्या एका लेपाने बुजवू शकतात. सात-आठ वर्षांनंतर मुलाचे काम दररोज न पाहता आठवड्यातून दोनदा पाहिले तरी चालते, पण पाहणे एकदम बंद करू नये.

साधने

मुलाचा ब्रश लहान डोक्याचा व मऊ केसांचा असावा. १९३८ सालापासून ब्रशला नायलॉनचे केस बसविण्यात येऊ लागले. त्यापूर्वी डुकराचे राठ केस वापरीत असत. केस वाकडे होऊन पसरले की, म्हणजे साधारणतः तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये, आणि तो उभा ठेवून वाळू द्यावा. ब्रश तोंडात धरून मुलाला धावू देऊ नये. त्यामुळे टाळ्याला व घशाला गंभीर इजा होऊ शकते.

देशातील पुष्कळ भागांत कडुनिंबाच्या, बाभळीच्या किंवा करंजाच्या काडीने दात घासण्याची चाल आहे. सवय असलेला मोठा माणूस काडीने दात चांगले स्वच्छ करू शकतो. परंतु लहान मुलाच्या इवल्याशा तोंडात ही काडी दाढांच्या आतल्या बाजूस पोहोचत नाही आणि ती टोचण्याचीही भीती असते. राख, कोळशाची पूड, विटेची भुकटी व जाडे मीठ यांनी दाताचे कवच झिजते. मुलांसाठी ती वापरू नयेत. महाराष्ट्रातील मिसरी, छत्तीसगड व ओडिशातील गुडाखू आणि उत्तरेकडील गुल हे तर तंबाखूचेच प्रकार होत. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. तरी घरातील मोठी माणसे मिसरी लावीत असतील तर मुले तेच पाहून शिकतात, हे विसरून चालणार नाही.

पेस्टमधील फ्लोराइड दाताचे कवच अम्लापुढे अधिक टिकाऊ करते. ते औषधाप्रमाणे मोजून वापरावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातींच्या चित्रांत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसणारी पेस्ट मुलासाठी नव्हे. ती ब्रशवर मोठ्यांनीच घालावी, आणि घासून झाल्यावर मुलाला ती गिळू न देता थुंकावयास शिकवावे. पाण्याने फार चुळा भरल्या तर फ्लोराइडचा उपयुक्त अंशही धुऊन जातो. आपल्या देशात काही भागांतील विहिरींच्या पाण्यातच फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. नेल्लोर भागातील अशा पाण्याचे दुष्परिणाम १९३७ सालीच नोंदले गेले होते, आणि तेलंगणातील नलगोंडा जिल्हा यासाठी सर्वत्र परिचित आहे. अशा ठिकाणी लहान मुलांना कोणती पेस्ट द्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मूल नकार देते तेव्हा

काही मुले ब्रश पाहताच तोंड घट्ट मिटून घेतात. अशा वेळी धाक, लाच आणि बळजबरी हे तिन्ही उपाय निष्फळ ठरतात. विशेषतः "दात घासलेस तर चॉकलेट देईन" असे सांगणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. नकाराचे कारण शोधावे. कधी हिरडी सुजलेली असते, कधी पेस्ट झोंबते, कधी ब्रशचे केस राठ असतात, तर कधी मूल नुसते झोपेला आलेले असते. पेस्ट झोंबत असेल तर काही दिवस नुसत्या पाण्याने घासावे. झोपेची अडचण असेल तर रात्रीच्या जेवणानंतर लगेच दात घासून टाकावे आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. दोन ब्रशांपैकी कोणता घ्यावयाचा, आधी वरचे दात की खालचे, अशा लहान गोष्टींत मुलाला निवड द्यावी. दात घासावयाचे की नाही, ही निवड मात्र त्याच्यापुढे ठेवू नये.

शाळेचा वाटा

जे घरी शक्य होत नाही ते पुष्कळदा शाळेत साधते, कारण मूल मोठ्यांच्या सांगण्यापेक्षा बरोबरीच्या मुलांना पाहून लवकर शिकते. स्कॉटलंडमध्ये बालवाडीतील मुले शिक्षिकांच्या देखरेखीखाली रोज एकत्र दात घासतात. जपानमधील अनेक शाळांत दुपारच्या जेवणानंतर दात घासण्याचा प्रघात आहे. फिलिपिन्समध्ये शाळेच्या आवारात लांबच लांब नळांच्या रांगा उभारून मुलांना हात धुण्यास व दात घासण्यास शिकविले जाते.

भारतातही या विचाराची परंपरा जुनी आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले, तेव्हा मुलांची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच उदयास आली. १९७५ सालापासून देशभर अंगणवाड्या उघडण्यात आल्या. जेथे मुले रोज जेवणापूर्वी हात धुण्यासाठी रांगेत उभी राहतात, तेथे जेवणानंतर दात घासण्याची रांग लावणे अशक्य नाही. प्रत्येक मुलाचे नाव लिहिलेला एक ब्रश, तो उभा ठेवण्यास भिंतीवरील फळी, एक लहान आरसा आणि दोन मिनिटे, एवढीच सामग्री त्याला लागते.

दंतवैद्याची मदत खेड्यातील घराला आजही दूर पडते. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्ता येथे देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. त्यानंतर अशा महाविद्यालयांची संख्या पुष्कळ वाढली, तरी बहुतेक दंतवैद्य शहरांतच व्यवसाय करतात. ज्या घरापासून दवाखाना लांब आहे, त्या घरात रात्री झोपण्यापूर्वीची दोन मिनिटे अधिकच मोलाची ठरतात.

ती दोन मिनिटे मूल सुमारे आठ वर्षांचे होईपर्यंत द्यावी लागतात. त्यानंतर एखाद्या रात्री मूल स्वतःहून आरशासमोर उभे राहते, ठरलेल्या क्रमाने सर्व दात घासते, ब्रश आडवा करून शेवटची दाढही घासते आणि जीभ फिरवून खात्री करून घेते. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्या रात्री हात लावावा लागत नाही. तेव्हा हे शिक्षण पुरे झाले असे समजावे.